रकाना सातवा

शल्यचिकित्सेची जागा का सोडलीत?
दोनशे शब्दांत लिहा.

हर्णैच्या बोटीवर
विंचच्या दोरात चिरडलेली
इस्माईल होडेकरची दोन बोटं
मी वाचवली. चांगली वाचवली,
सरांनी फोटो काढून घेतला.

पंधराव्या दिवशी टाके काढले.
बोटं वाकवून दाखवत म्हणाला,
“हात बरा हाय, डाक्टर.
पन संगं दोर धरलेला पोरगा
रातचा पान्यातनं हाक मारतो.”

मी म्हटलं, “जखम कोरडी ठेवा.”

मान हलवून गेला.
बाकावर टोपी राहिली,
मिठानं ताठ झालेली.

मानसोपचार, मी लिहिते. कारण
आणि पुढे सकाळपासून पेन अडलंय.
खाली जेटीवर लिलाव संपला,
टोपल्यांतला बर्फ पायऱ्यांवरून ओघळतोय.

टोपी द्यायला गेले होते.
बोट सुटली होती.