चादर धरणारे

फॉर्ममध्ये अवघड दोनच गोष्टी होत्या:
वीस फोटो जोडा.
आणि त्याखाली, तीन ओळींच्या जागेत,
हेच का?

हार्डडिस्कमध्ये अकरा वर्षं.
सारंगखेड्याचे घोडेच सहाशे निघाले,
प्रत्येकाच्या आयाळीत तीच संध्याकाळ
आणि मागे माझ्यासारखेच चाळीस जण, गुडघ्यावर.
केळीच्या पानावरचा थेंब
(त्याला जिल्ह्यात तिसरं बक्षीस होतं).
सातपुडा निळा, सातपुडा जांभळा,
सातपुडा मी नंतर केशरी केलेला.

सावद्याला झोपे सरांकडे नेले.
ते ओट्यावर भरताची वांगी निवडत होते,
एकेक तळहातावर तोलून.
हलकं ते ठेवायचं, जड ते परत पाटीत,
जडात बिया फार.
घोडे बघत म्हणाले,
‘बरे हायेत भो.
पन हे तुह्याबिगर बी निंघाले असते.’

रात्री चोपड्यात शटर ओढून बसलो.
पोटाचं काम वेगळ्या फोल्डरमध्ये असतं: कॅम्प.
वैजापूर, सत्रासेन, पार वरचे पाडे.
जातीचा दाखला, बँकेचं खातं, शिष्यवृत्ती.
गाडीवर कॅमेरा, प्रिंटर, बॅटरी
आणि आईच्या पलंगावरची पांढरी चादर.
भिंती कुडाच्या,
म्हणून मागे कुणीतरी चादर धरायची.
पस्तीस बाय पंचेचाळीस कापताना
ते कुणीतरी जायचं.

न कापलेले सगळे तिथेच होते.

सायजी पावरा समोर, श्वास रोखून,
चादरीच्या टोकाला तिचा नवरा,
त्याचा फोटो मघाच झालाय
तरी अजून ताठ.
नुसती चार बोटं, एक नख काळं,
हे हुरमत तडवीच्या मुलाचं.
वारा आला तेव्हाचा:
चादर फुगून छपराएवढी,
दोन मुली तिला खाली ओढताहेत,
आणि पुढचा म्हातारा, काही पत्ता नसल्यासारखा,
सरळ सरकारकडे बघतोय.
एकात खाली फक्त पाय. जोडवी, चिखल,
त्या दोन पायांमध्ये आणखी दोन, इवलाले.

तेवीस निघाले.
तीन काढायला चार दिवस लागले.
सगळ्यात देखणा पहिल्यांदा गेला,
त्यात उजेडाशिवाय कुणी नव्हतं.

मग प्रिंट घेऊन पाड्यावर गेलो, विचारायला.
झुनकी किती वेळ बघत राहिली.
‘यात मी कशी? मी तर चादर धरली होती.’
आणि हसत सुटली, आणि सगळ्या पाड्याला दाखवून आली.
हुरमतच्या मुलाने मान हलवली. नको.
बोटंच तर आहेत, म्हणालो.
माझीच आहेत ना, म्हणाला.

एकोणीस पाठवले.
‘हेच का’च्या खाली लिहिलं:
यांना वाटलं होतं, हे फोटोत नाहीत.
पुढच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या.

उत्तर अजून आलेलं नाही.
सोमवारी परत कॅम्प लागला.
आता मी मुद्दाम दोन पावलं मागे उभा राहतो.
कापलेला फोटो तसाच येतो, कुणाचं काही अडत नाही.
फक्त चादर धरणारे
हल्ली केस विंचरून येतात.