गाडी कुठे लावायची

पहिल्या फोनवर कुणी दुखणं सांगत नाही,
गाडी कुठे लावू, एवढंच विचारतात.
मी म्हणते, गुरांच्या दवाखान्यापुढे लावा,
मागच्या दारानं या, पायऱ्यांवर राख टाकलीय.
सॅस्कॅचेवानातलं चारशे वस्तीचं गाव,
इथं माणसापेक्षा गाय आजारी असलेली बरी.

ओरेस्ट आणि व्हर्ना. ही त्यांची नावं नव्हेत.
कुत्र्याचं मात्र खरं आहे: सिर्को.

गव्हाची कापणी झाल्यापासून अबोला.
पूर्वेकडचं रान त्यानं विकलं, तिच्या वडिलांनी दिलेलं,
आणि तिला ते कळलं कर्लिंगच्या सामन्यात,
चहा ओतणाऱ्या बाईकडून,
सगळ्या गावानंतर.
तेव्हापासून जे बोलायचं ते सिर्कोशी.
"सिर्को, सांग त्याला, सूप निवतंय."
"सिर्को, सांग तिला, माझे कान शाबूत आहेत."

मग मी म्हटलं, त्यालाही घेऊन या.
आला. अंगाला डिझेलचा वास, शेपटीत कुसळं,
माझ्या बुटांवर हनुवटी टेकून पडला.
तीन बैठका दोघं त्याच्याकडेच बघत बसली.
मी वहीत लिहिलं: उपस्थिती, तीन.
रेजायनाहून वरिष्ठ बाईंनी फोनवर विचारलं,
कुठली उपचारपद्धत वापरते आहेस?
वाऱ्यानं लाइन खरखरत होती. बरं झालं.

चौथ्या खेपेला व्हर्ना म्हणाली,
"सिर्को, विचार त्याला, मला आधी का नाही विचारलं?"
सिर्को घोरत होता.
हीटर टकटकत राहिला.
ओरेस्टनं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.
"त्याला ऐकू येत नाही."
"ठाऊक आहे."
"कधीपासून?"
"उन्हाळ्यापासून. तुला?"
"मलाही."
त्या दिवशी पुढे कुणी काही बोललं नाही.

दुकानात भेटले तर मी आधी ओळख देत नाही, नियम आहे.
व्हर्ना बटाटे निवडते,
मी डब्यांवरच्या किमती वाचत उभी राहते.
घरी जाऊन तिच्याच कोंबड्यांची अंडी खाते.

एप्रिलमध्ये, त्यांचा वार नसताना,
ट्रक गुरांच्या दवाखान्यापुढे दिसला.
दोघं बाहेर आली. तिच्या हातात पट्टा, नुसताच.
ओरेस्ट काहीतरी म्हणाला. ती काही बोलली.
पुन्हा तो. मग बराच वेळ ती.
मी काचेमागे, एक शब्द कळेना.
भांडत असतील.
वारा तिकडून इकडे होता, तरीही.