तिसरा रकाना

बोस्त्यांवच्या पोटरीला सात टाके पडले.
मी ते मोजले, कारण फोंड्याच्या इस्पितळात
दुसरीकडे बघायची सोय नव्हती.
नर्सनं विचारलं, कुत्रं कुणाचं?
मी हात वर केला,
गृहपाठ न केलेल्या मुलानं करावा तसा.

कुत्रं तसं मुलाचं. मुलगा बोटीवर,
कुठल्या तरी समुद्रात लोकांच्या चादरी बदलतो.
जाताना म्हणाला, पप्पा, तुम्ही एकटे, घर रस्त्याला,
आणि कुशीत दिलं दोन महिन्यांचं काळं पिल्लू,
डोळ्यांवर दोन ठिपके, भाजलेल्या काजूच्या रंगाचे.
काजूच नाव ठेवलं.
आज काजू शेहेचाळीस किलो, मी एकसष्ट.
साखळीच्या दोन टोकांत कोण कुणाला फिरवतं
हे बोरीच्या पुलापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

विम्याचा अर्ज मी आधीच भरला होता.
एजंट रोहिदास सोप्यावर बसून चहा प्यायला.
नाव, वय, मग तिसरा रकाना : जात.
मी लिहिली. त्यानं पेनाला टोपण लावलं.
“काका, आजारपण मिळेल, चोरी मिळेल,
पण हा कुणाला चावला तर कंपनी बघणार नाही.
या जातीला नाही.”
लस होती, पंचायतीचा परवाना होता, गळ्यात बिल्ला होता.
ती पानं त्यानं उलटलीच नाहीत.
जात वाचली की पुढचं कुणी वाचत नाही,
हे मला कुत्र्याच्या आधीपासून माहीत आहे.

तरी खरं सांगतो :
त्या सकाळी फाटकाची कडी मी लावली नव्हती.
पेपर घ्यायला गेलो, चष्मा शोधत होतो,
काहीतरी कारण होतंच.
पोदेराचा भोंगा वाजला, पोंपों,
आणि काजूनं ते केलं
जे करू नको असं मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

देवळापाशी माणसं जमली.
सुई द्या म्हणाले. घाटावर नेऊन सोडा म्हणाले.
एकानं मोबाइलवर कुठल्या तरी शहरातलं रक्त दाखवलं.
कडीबद्दल कुणी विचारलं नाही.
मला बरं वाटलं,
आणि त्या बरं वाटण्याची लाज
अजून पोटात आहे.

बोस्त्यांवला पैसे दिले. त्यानं मोजून घेतले,
मग म्हणाला, आणि पाव कोण घालणार?

तेरा दिवस मी घातले.
पहाटे लोटलीच्या भट्टीवरून टोपली,
वर निळं प्लास्टिक, खाली उंडे, पोये, काकणं,
गुडघे कुरकुरत, भोंगा दाबायचा संकोच.
फाटकाच्या बाहेरून मी पहिल्यांदा माझं गाव पाहिलं.
निवृत्त मामलेदारांचा पांढरा पॉमेरियन,
ज्याला सगळे ‘बाळ’ म्हणतात, टाचेला झोंबला.
“खेळतो हो तो,” बाई आतूनच म्हणाल्या.
प्रेमावतीच्या वळणावर दगड हातात ठेवून जायचं,
हे तिसऱ्या दिवशी कळलं.
सायकलच्या दांडीला वेताची काठी बांधलेली आहे.
मला वाटायचं, टोपलीच्या आधाराला.

वीस वर्षं तो माझ्या दारी येतो आहे.

आता फोंड्याहून अल्झिरा येते काजूला शिकवायला.
बस. थांब. सोड.
म्हणते, काका, कुत्रा शिकला, आता तुम्ही.
बाहेर नेताना त्याच्या तोंडाला जाळी असते,
माझ्या तोंडाला काही नसतं, पण मी बोलत नाही.
नव्या अर्जातही तिसरा रकाना तसाच आहे.
मालकाच्या सवयी कुठे लिहायच्या, विचारलं,
तर रोहिदास हसला, साखर जास्त झाली म्हणाला चहात.

बोस्त्यांव पुन्हा येऊ लागलाय, किंचित लंगडत.
काजूकडे बघत नाही.
माफ केलं, असंही म्हणालेला नाही.
रस्त्याच्या पलीकडे एक पाय टेकून उभा राहतो
आणि ऐकतो.
मी लावलेली कडी काढतो,
पुन्हा लावतो, जोरात,
तिथपर्यंत ऐकू जावी म्हणून.