फट

धायरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून,
पत्र्याचं खोकं साडेसातला आपणहून उघडतं.
मी तेव्हा खाली भाकरी थापत असते.
मोटर गुरगुरते, शेजारच्या मेहेंदळे काकूंना वाटतं पंप लागला.

यादीत पहिली शर्मिष्ठा. तिचा मधला तारा,
जो अधूनमधून स्वतःचंच अंग
कड्यासारखं स्वतःभोवती भिरकावतो.
दुर्बीण त्याला शोधते, चुकते, पुन्हा शोधते
आणि नेमका धरते फटीवर.

फट शकीलभाई तांबोळींची. भोसरीत,
टूलरूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत घासलेली,
केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
एवढ्यातून काय जाणार, ताई?
उजेड.
बास?
बास.

मोजपट्टी म्हणून तपकीर गल्लीतला ट्यूबलाइटचा स्टार्टर.
तांबडा किती तांबडा, ते वीस रुपयांचा निऑन ठरवतो.
"ट्यूब नको? नुसता स्टार्टर?" दुकानदाराने विचारलं,
आणि उत्तर न ऐकताच पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

सकाळी चहाबरोबर रात्र उघडते.
ताऱ्याच्या रेघांत शहराच्या रेघा मिसळलेल्या:
हमरस्त्याचा सोडियम, कुठल्याशा कार्यालयाच्या दारातला पारा.
आधी पुणे वजा करायचं, मग तारा उरतो.
बँकेत एकतीस वर्षं वजाबाक्या केल्या मी,
तरी अख्खं गाव खोडताना
बोट जरा घुटमळतं.
हल्ली पिवळी रेघ बारीक होत चाललीय.
दिवे पांढरे होताहेत. पांढऱ्याला रेघ नसते,
तो नुसता पसरतो, वजा करायला सापडत नाही.

मार्गशीर्षात शकीलभाई आले, नातीला घेऊन.
मोतीबिंदू काढलाय, म्हणाले, आता दाखवा तारा.
पोरीने खोक्याभोवती तीन फेऱ्या मारल्या:
"डोळा कुठं लावायचा?"
जागाच नाही, बाळा.
इथे कोणी बघत नाही.

खाली पडद्यावर आलेख दाखवला.
सपाट माळ, मधेच एक टेकडी.
हा हायड्रोजन, म्हटलं, त्या कड्याचा,
निघाला तेव्हा आपलं कुणीच नव्हतं.
पोरगी बिस्किटांकडे वळली.
शकीलभाईंनी माउस मागे सरकवत नेला
स्टार्टरच्या कच्च्या फोटोपर्यंत.
काळ्यावर उभ्या उजळ रेघा,
प्रत्येक रेघ म्हणजे त्या फटीचीच छबी.
चष्मा काढून पडद्याला नाक लावलं,
नखाने एकेक कड चाचपली.

"कुरतडलेली नाही कुठे," म्हणाले.
"पाती समांतर आहेत."

मग चहा प्यायले. तारा राहिलाच.

पहाटे ४.१२ ची नोंद: ढग. झाकण बंद.