ळ

इंजिन बाहेर काढल्यावर जी पोकळी उरते
तिच्यात मी अख्खी मावते,
गुडघे छातीशी, हातात तारेचा ब्रश आणि पॅराफिन.
नाव वेगळं, वास रॉकेलचाच.

केटरिंग. नोव्हेंबर. चारला अंधार.
साखळीवर टांगलेलं इंजिन कोपऱ्यात
रागावल्यासारखं पाठ करून.
एकोणसत्तरची मॉरिस मायनर.
विकताना विनिफ्रेड ॲस्क्यू म्हणाली होती,
बॅटरीखाली बघू नकोस.
मी आधी तिथंच बघितलं.

चिरोट्याचे पदर सुटावेत तसा गंज सुटला.
ब्रेक ऑइल सांडून फुगलेला रंग
नखानं ओढला, तर साय निघावी तसा निघाला.
खाली जुना रंग. कंपनीच्या पत्रकात त्याचं नाव
बदामी हिरवा.
बदाम कधी हिरवा बघितला होता यांनी?

तारा सोडवताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावली.
इंग्रजीत लिहिणार होते.
हात बरबटलेले, पेन सटकत होतं,
घाईत क आला.
मग ख, ग, घ.

शेजारची ग्लेनिस टॉर्च धरायला येते.
तीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलं तिनं,
तिचा हात हलत नाही.
मुळाक्षरं ती बॉनेटखाली शिकली:
ट म्हणजे हॉर्न, ठ म्हणजे डावा इंडिकेटर,
आणि बॅटरीच्या जाड काळ्या तारेवरचा
तो आडवा चष्मा.
म्हणून बघ, म्हटलं.
तिच्या तोंडून तिच्या वेल्श गावचं अक्षर निघालं,
जिभेच्या कडेनं वारा सुटणारं.
तेही मला जमेना.
थंडीत दोघी थुंकी उडवत बसलो.

ऐंशीचा कागद, दोनशे चाळीसचा, सहाशेचा.
प्रायमर. रंगाचे तीन हात.
मार्मलेडच्या बरण्यांत बोल्ट, आटे साफ करून.
फेब्रुवारीत इंजिन बसलं.
रविवारी सकाळी किल्ली फिरवली.

काही नाही.
ना दिवा, ना ट.
आरशासारखं चकचकीत, आणि मुकं.

आप्पांना फोन लावला.
दापोडीच्या एसटी वर्कशॉपात बत्तीस वर्षं,
आता मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर गडद चष्मा.
मी कॅमेरा फिरवत राहिले,
हा कोपरा बघा, ही चमक बघा.
ते रंग बघत नव्हते.
"अर्थ कुठं दिलायस?"
ळ दाखवला.
"रंगावर?"
मग बोललेच नाहीत. मागं बातम्या चालू होत्या.

ग्लेनिसनं न सांगता टॉर्च खाली आणला.
ऐंशीचा कागद पुन्हा हातात घेताना
पोटात गोळा आला.
घासत राहिले, दोन पेन्सच्या नाण्याएवढं,
हिरवा गेला, करडा गेला,
मग पत्रा. उघडा. थंड.
फुंकर मारली. ळ आवळला.

ट असा काही वाजला
की सहा नंबरचा कुत्रा भुंकायला लागला,
समोर कुणीतरी खिडकी उघडली,
ग्लेनिस हात वर करून "सॉरी, सॉरी" म्हणत होती,
आणि फोनमधून आप्पा,
"हां. आता डिपर बघ."