चार्ज रिपोर्ट

उद्या साडेचारला मी चार्ज देणार.
फॉर्म एका पानाचा आहे.
कपाटाच्या किल्ल्या चार, शिक्के तीन,
प्रलंबित खटले तीनशे सतरा,
भिंतीवरचं घड्याळ एक, सात मिनिटं मागे.
ते दुरुस्त करू नका. वकिलांना त्याची सवय झालीय.

सुरुवात गिरगावात झाली, अंकलीकर वकिलांकडे,
जिन्याखालच्या खोलीत, जिथे उभं राहिलं की
डोक्याला पायरी लागायची.
सहा वर्षं मी तारखा मागितल्या.
पुढची एकतीस, दिल्या.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आई
जे. जे.तली रात्रपाळी करून आली होती.
चपला न काढताच म्हणाली,
"आता दारात पेढा आला
तर आधी पाठवणाऱ्याचं नाव वाच."
मी वाचत राहिले. हळूहळू पेढे यायचे थांबले,
मग माणसंही.

कुर्ला कोर्टात आरोपीचा आणि माझा जिना एकच होता.
तोही वर चढायचा, मीही, दोरीच्या त्या टोकाला हवालदार.
एका रविवारच्या रिमांडला
अकरा पितळी तोट्या चोरलेला पोरगा उभा केला.
मुद्देमाल टेबलावर, ओळीने मांडलेला.
काही सांगायचंय का, विचारलं, तर म्हणाला,
"बाई, सगळीकडे आधी टाकीचा कॉक बंद केला होता.
कुणाचं पाणी वाया नाही गेलं."
सरकारी वकील हसले. मी नाही हसले,
म्हणजे घरी जाऊन हसले,
आणि शिक्षा देताना ते पाणी मोजलं.

माझगावला जिना वेगळा झाला, मागच्या अंगाचा.
फोर्टात सत्र न्यायालयात आले तर थेट लिफ्ट,
आत भागूराम, त्याचं स्टूल,
आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणीच नाही.
बढती म्हणजे काय, कुणी विचारलं तर हेच सांगेन:
जिना वेगळा होत जातो.

वर नाव गेलं, दोनदा.
दोनदा परत आलं,
पत्ता बदललेल्या घरच्या लग्नपत्रिकेसारखं.
आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.
नवव्या दिवशी बोर्डावर बेचाळीस प्रकरणं होती.

फुलाबाई खरात, राहणार मानखुर्द.
मुलगा एकोणीस वर्षांचा, चाकूचे चार वार.
प्रत्यक्षदर्शी दोघेही फितूर.
पंच म्हणाला, सही माझी, पण कागद कोरा होता.
मी एकशे आठ पानं लिहिली. पानागणिक
पुरावा पातळ होत गेला, मी त्यात काही घालू शकत नव्हते.
तिघेही निर्दोष.
वाचून संपलं आणि ती मागच्या बाकावरून उठली.
आवाज चढवला नाही. एखाद्या दुकानात
भाव विचारावा तसं विचारलं,
"मग मारलं कुणी?"

शिरस्तेदारांनी पुढचा नंबर पुकारला.
रोजनाम्यात इतकंच आहे:
निकाल खुल्या न्यायालयात वाचून दाखवला.
स्टेनोने माझ्याकडे पाहिलं होतं, बोटं वर धरून.
मी मान हलवली. नको.
त्या मान हलवण्यावर अपील नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.
ती अजून येते, महिन्या-दोन महिन्यांनी.
तिची कुठलीच तारीख नसते.
शेवटच्या बाकावर डाव्या कडेला बसते,
दुसऱ्यांचे खटले ऐकते, डबा खाते,
पाचाच्या आत निघून जाते.
आम्ही कधी बोललो नाही. बोलणार काय?

नवीन साहेब तरुण आहेत, लातूरहून आलेत.
त्यांना किल्ल्या देईन, शिक्के देईन, सही घेईन.
आणि फॉर्ममध्ये बसत नाही म्हणून तोंडी सांगेन,
डावीकडच्या त्या बाईंना
कुणाला उठवू देऊ नका.

मग भागूरामला नमस्कार करून
जिन्याने उतरेन, पुढच्या, सगळ्यांच्या.
गुडघ्यांचं काय ते गुडघे बघतील.