देवडी, उजवी खोली

सावद्याच्या पुढं, सुकी नदीच्या अलीकडं
केळीच्या बागेत एक दरवाजा उभा आहे.
कुंपणाची भिंत नाही. बंगलाही नाही,
त्याचं सागवान एकाहत्तर साली लिलावात गेलं.
देवडी कुणी घेतली नाही.
पाडायची मजुरी दगडापेक्षा महाग पडत होती.

मी मोजायला आले आहे.
टेपचं दुसरं टोक लुकमान तडवीच्या हातात.

कमान नऊ फूट सात इंच, माथ्याशी किंचित टोकदार.
आठ थर काळ्या दगडाचे, वर वीट,
आणि वीट-दगड जिथं भेटतात तिथं
गवंड्यानं चुन्याची बोटभर रेघ ओढलेली,
सरळ, उगाचच.
दारावर खिळे एकशे बारा, हत्तीसाठी.
हत्ती कधी आलाच नाही, लुकमान म्हणतो,
एकदा सर्कशीचा आला होता, तो बाजूनं गेला.

डावी खोली कारकुनाची:
खिडकी, कोनाडा, गिलाव्यात पानवेल.
उजवी पहारेकऱ्याची.
बाहेरून दोन्ही जोडीच्या दिसाव्यात
म्हणून उजवीलाही खिडकी कोरली आहे, चौकटीसकट, गजांसकट.
आत गेलं की तिथं भिंत.

ओटा पाच फूट दोन इंच.
"माहा आजा इठंच झोपे. मी नाही मावत,"
लुकमान पाय दुमडून दाखवतो.
ओट्यावर बसलं की डोळ्यांसमोर फट,
आत रुंद, बाहेर बारीक, खाली उतरती.
मी बसून पाहिलं.
रस्ता दिसतो, पण गुडघ्याएवढाच.

दलशेर तडवी चाळीस वर्षं
पायांवरून माणसं ओळखायचा.
चढाव दिसले की उठून उभा राहायचा.
वहाणा दिसल्या की नाव विचारायचा.
सातपुड्यावरून उतरलेल्या पायांना
तो काही विचारत नसे.
त्यांच्यासाठी दिंडी उघडायची नाही, असा हुकूमच होता.

मधल्या वाटेची फरशी मला कोड्यात टाकते.
एवढं नेटकं काम, आणि सांधे असे रुंद?
करंगळी जाते आत. चुना भरलेलाच नाही.
दादरच्या गाड्या इथून आत जायच्या.
चाक आदळायचं, पोती गळायची,
दाणे सांध्यांत जाऊन बसायचे.
झाडण पहारेकऱ्याची, एवढा रिवाज मालकाला मान्य होता.
गवंडी कोण होता?
"काय माहीत. आमच्यातलाच असंन."

उजवी खोली, मागची भिंत, तळाचा थर.
डावीकडून चौथा दगड वेगळा वाजतो.
लुकमान टेप खाली ठेवतो,
पोराचा दुधाचा दात हलवावा
तसा दगड हलवत राहतो,
आणि तो येतो बाहेर, अख्खा, हातभर लांब.
पलीकडं उजेड.
केळीचं बुड, ठिबकची काळी नळी.

रुंदी साडेपाच इंच. उंची पाच.
मी आकडे लिहीपर्यंत तो घरी जाऊन येतो,
हातात चिपटं, पितळी, एका कडेला चेपलेलं.
रिकामंच भोकातून सरकवतो.
जातं.
कुठंच घासत नाही.

किती वर्षं? कुणाकुणाला?
"आजा नाही सांगे कधी.
बाप म्हणे, त्यालेही माहीत नव्हतं.
पुढून पाय दिसत, मागून हात.
तोंड कोठून दिसंन?"

रात्री सावद्याच्या लॉजवर नकाशा काढते.
एवढंसं भोक दाखवलं
तर छापताना कुणीतरी त्याला मोरी म्हणेल.
पण जमिनीचा उतार उलट्या बाजूला आहे,
पाऊण इंच, मी दोनदा मोजला.

दगड आता जागेवर आहे. लुकमाननंच बसवला,
वर हात फिरवून माती झटकली.
मीही तो कागदावर बसवते.
बाकी सगळ्या दगडांभोवती
चुन्याची बारीक दुहेरी रेघ काढली आहे.
याच्याभोवती काढत नाही.